आरशापेक्षा दोरी खरी

आपल्याला काय शोभतं हे ठरवताना आरशाचा सल्ला शेवटी घ्यावा. आधी घरातली कपडे वाळत घालायची दोरी बघावी. माझं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं आणि नोकरी पुण्यात, त्यामुळे रोज रेल्वेच्या शटलने जाणं-येणं. नव्याने नोकरीला लागलेल्या मुली डब्यात विचारतात, "ताई, तुम्हाला बरोबर कळतं कसं काय घालायचं ते?" त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पुण्यातल्या दुकानात एकदा क्रेपचा कुर्ता आणि घोळदार पलाझो घेतला. तिथल्या गार हवेत, पिवळ्या दिव्यांखाली तो जोड खरंच देखणा दिसत होता. दौंडच्या फलाटावर मात्र त्याची परीक्षा झाली. गाडीत चढताना मागच्या बाईची चप्पल घेरावर पडली आणि खालची शिवण उसवली. आत उभं राहून वरची कडी धरली, तर कुर्ता काखेत ओढायला लागला. तो क्रेप सिंथेटिक होता, घाम टिपत नव्हता. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. वाटेतलं उरुळी स्टेशन येईपर्यंत मानेला घामोळं उठलं होतं. कापड वाईट नव्हतं, दुकानदारानेही फसवलं नव्हतं. तो कपडा गाडीतून उतरून गाडीत बसणाऱ्या बाईसाठी होता, शटल पकडणाऱ्या बाईसाठी नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट: दुकानात नुसतं उभं राहून बघू नका. तिथल्या स्टुलावर बसा, वाका, हात डोक्यावर न्या, एक पायरी चढल्यासारखं करा. आपण आरशासमोर असतो दोन मिनिटं, बाकीचा दिवस चढण्या-उतरण्यात जातो.

दुसरी गोष्ट दोरीची. महिनाभर दोरीवर पुन्हापुन्हा काय येतं ते बघा. माझ्या दोरीवर सुती कुर्ते, पोटरीच्या खालपर्यंत येणारे, पाऊण बाहीचे, गडद निळे नाहीतर आमसुली, असेच यायचे. कपाटात जरीचे, जाळीचे, झालरीचे कपडे घडी न मोडता पडलेले होते. मला हवा असलेला साज मी बाहेर शोधत होते आणि तो घरीच पिना लावून वाळत होता. जे वारंवार धुवावं लागतं ते तुम्हाला मनापासून आवडतं. त्याची लांबी, बाही, गळा आणि पोत लिहून काढा आणि पुढची खरेदी त्या चिठ्ठीवरून करा.

तिसरी गोष्ट मापाची. शिरूरच्या एका जुन्या टेलरकाकांनी माझा तयार कुर्ता बघून म्हटलं, "ताई, खांदा दोन बोटं बाहेर गेलाय. तुम्ही बारीक व्हायच्या मागे लागलाय, आणि दोष मुंढ्याचा आहे." त्यांनी खांदा आत घेतला, मुंढा वर उचलला, आणि मी नको म्हणून बाजूला टाकलेला कुर्ता आवडता झाला. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली की निम्मं काम होतं. कंबर, लांबी मागाहून जुळवता येते. खांदा सुधारणं खर्चाचं, म्हणून तयार कपडा घेताना आधी खांदा बघा. शिवायला टाकत असाल तर सुती कापड आधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. आणि शिंप्याला आत माया ठेवायला सांगा. अंग वर्षभर एकसारखं राहत नाही.

रंगासाठी मोठा खर्च नको. कापड दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात न्या आणि हनुवटीखाली धरा. चेहरा उजळला की समजा जमलं. आधी कापडच दिसलं आणि चेहरा मागे पडला तर ठेवून द्या. चिंतामणी रंग एकीला खुलतो आणि तिच्या सख्ख्या बहिणीला नाही, असं आमच्याच घरात आहे.

आता कुणी म्हणेल, सोयीचंच बघायचं तर आपलेपण कुठे राहिलं? याला उत्तर जवळच आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1922 मध्ये त्या तिथेच वारल्या. इंग्लंड-अमेरिकेत राहून आल्या, ख्रिस्ती झाल्या, तरी पांढरी साडी त्यांनी सोडली नाही. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंनी तिथल्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली. साडी आपलीच, नेसण हवेला धरून. काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे दोघींनी आपापल्या गरजेवरून ठरवलं. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.

ठरवलेलं रोज पाळायचा सोपा धडा गणवेश देतो, आणि दौंडला गणवेशांची कमतरता नाही. रेल्वेचा आहे, राखीव पोलिसांचा आहे, कुरकुंभच्या कारखान्यांतल्यांचा आहे. शिरूरकडे रांजणगावच्या एमआयडीसीत तेच. गणवेशवाल्यांना सकाळी काय घालायचं याची चिंता नसते. आपणही स्वतःपुरता सैल गणवेश ठरवून घ्यावा: दोन-तीन आकार, चार-पाच रंग, आणि त्यातच ओढणीने, कानातल्याने, एखाद्या खणाच्या ब्लाउजने रोज थोडा फरक. लग्नकार्य आलं की नियम मोडायला मोकळीक असतेच. मला माझ्या आईची इरकल तिथे नेसायला आवडते.

काही सावधगिरी. मोबाइलवरच्या फोटोतली बाई तुमच्या उंचीची नसते. हप्त्यावर कपडे घेऊ नका. हप्ते संपायच्या आत त्यांचा रंग उडतो. "सेल आहे" म्हणून घेतलेलं एकदाही वापरलं नाही तर ते स्वस्तात पडलं नाही, सगळे पैसे वाया गेले. सत्तर वेळा घातलेला सातशेचा कुर्ता वेळेला दहा रुपयांना पडतो. दोनदा घातलेला चोवीसशेचा बाराशेला. हिशेब इतका सोपा आहे, पण तो दुकानात सुचत नाही, म्हणून घरून करून निघावं.

आणि पहिल्यांदा बदल करताना घरच्यांची, शेजारच्यांची कुजबुज होईलच. मी केस आखूड केले तेव्हाही झाली. पंधरवड्यात ती थांबते, कारण लोकांना दुसरा विषय मिळतो. तोवर तुम्हाला बसायला, चढायला, काम करायला सोपं पडत असेल, तर कपडा चुकलेला नाही.