खांद्यांची पातळी आणि कण्याची वक्रता

अस्थिरोग विभागाविषयी रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. शस्त्रक्रियेने मुलीचा कणा सरळ झाला, क्ष-किरण चित्रही समाधानकारक आले, मग एक खांदा वर का दिसतो? क्वचित असेही घडते की, पूर्वी जो खांदा खाली होता तोच आता वर गेलेला असतो. आम्ही वैद्यक शाखेचे नव्हे, वाणिज्य शाखेचे. तथापि विभागातील डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते देणगीदार, विश्वस्त व पालक यांच्या माहितीसाठी येथे देत आहोत. प्रश्न रास्त आहे. मात्र तो शस्त्रक्रियेपूर्वीच विचारला जावयास हवा.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला झुकतो आणि त्याचबरोबर मणके स्वतःभोवती पिळले जातात. अमेरिकन शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीने वक्रतेचा कोन मोजतात; तो १० अंश वा अधिक भरल्यास हा विकार आहे असे मानतात. १० ते १८ या वयात आढळणाऱ्या प्रकाराचे निश्चित कारण बहुधा सापडत नाही. शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत तो असतो. बहुतेकांची वक्रता सौम्य राहते, वाढत जाणारी वक्रता मुलींमध्ये अधिक. दप्तराच्या ओझ्याने किंवा एका कुशीवर झोपण्याने हा विकार होत नाही. कित्येक माता स्वतःस दोष देत येतात, म्हणून हे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते.

घरातील माणसांच्या नजरेस प्रथम येतो तो बहुधा खांदाच. गणवेशाचा गळा एका बाजूस सरकतो, एक बाही लांब भासते. मुलीस कमरेतून पुढे वाकावयास सांगितले असता पाठीची एक बाजू उंच दिसते. विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये वर्णिलेली ही तपासणी आजही प्रचलित आहे. ही उंची मोजण्याचे उपकरण गवंड्याच्या पाणसळीसारखेच असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. छातीच्या भागातील मुख्य वक्रता बहुधा उजवीकडे असते व त्यामुळे उजवा खांदा वर दिसतो. तिच्या वर, मानेलगत, डावीकडे झुकलेली एक लहान वक्रता असू शकते. ही वरची वक्रता ताठर असेल आणि केवळ खालची पुष्कळ सरळ केली, तर डावा खांदा वर उचलला जातो. म्हणून मुलीस दोन्ही बाजूंस वाकवून क्ष-किरण चित्रे घेतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेंके वर्गीकरणानुसार, वाकवूनही वरची वक्रता २५ अंश वा अधिक उरली तर ती ताठर समजतात. अशा वेळी, विशेषतः डावा खांदा आधीच वर असेल तर, स्क्रू व सळ्यांची जोडणी बहुधा छातीच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत न्यावी लागते. जोडणी जितकी लांब तितका कण्याचा अधिक भाग कायमचा स्थिर होतो, त्यामुळे हा निर्णय सोपा नसतो.

मोजमापाच्या पद्धती अनेक आहेत. दोन्ही खांद्यांच्या उंचीतील फरक, कॉलर बोनचा कल आणि छातीच्या पहिल्या मणक्याचा कल ही त्यांतील नेहमीची. उंचीतील फरक १ सेंटिमीटरच्या आत असल्यास खांदे समपातळीत आहेत असे सामान्यतः धरतात. परंतु चित्रातील आकडा आणि डोळ्यांना दिसणारा खांदा यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. बाहेरील कडा समान असूनही मानेलगतचा स्नायू एका बाजूस फुगीर दिसू शकतो, आणि आरशात मुलीस नेमका तोच दिसतो. (हिशेब जुळला तरी रोकड मोजून पाहावी लागते, हे आम्हां कारकुनी पेशाच्या लोकांस सांगावयास नको.) यास्तव उभ्या स्थितीतील छायाचित्रेही घेतात. त्या वेळी पाय अनवाणी, भार दोन्ही पायांवर सारखा व हात सैल सोडलेले हवेत. पायांच्या लांबीत फरक असेल तर तो आधी तपासतात.

वक्रता २५ ते ४० अंशांची असून वाढ शिल्लक असेल तर ब्रेसचा विचार होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसातून अधिक तास वापरणाऱ्यांना अधिक लाभ झाला. म्हणूनच बारा वर्षांच्या मुलीचा वर दिसणारा खांदा ‘पुढे होईल सरळ’ म्हणून सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

शस्त्रक्रियेनंतर राहिलेला थोडा फरक पुष्कळांत पुढील महिन्यांत कमी होतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच निष्कर्ष काढू नये. पालकांनी जुनी सर्व क्ष-किरण चित्रे सोबत आणावीत आणि संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी जोडणी कोणत्या मणक्यापर्यंत व का, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. छायाचित्रे मुलीच्या व पालकांच्या संमतीने, आई व परिचारिका यांच्या उपस्थितीतच घ्यावयाची असून ती केवळ रुग्णाच्या नोंदपत्रात राहतात.