शनिवारचा डाव

श्रावणातला शनिवार होता. दुपारपासून पावसाने जी झड धरली होती, ती दिवेलागण झाली तरी ओसरली नव्हती. एरवी या वेळी दादरचे शिवाजी पार्क मैदान क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी गजबजलेले असते. आज तेथे पाण्याची तळी साचली होती आणि भोवतीच्या कट्ट्यावर चिटपाखरूही नव्हते. मैदानामागच्या एका तीन मजली इमारतीत मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून टक् टक् असा आवाज एकसारखा येत होता. तेथे कॅरमचा डाव मांडला होता. घरचा मुलगा आणि त्याची थोरली बहीण, हिंदू कॉलनीतून आलेला एक मित्र आणि नायगावहून आलेला दुसरा, असे चौघे बोर्डाच्या चार बाजूंना बसले होते. आरामखुर्चीवर आजोबा होते. ते खेळत नसत. पण त्यांच्यावाचून डाव सुरू होत नसे.

शनिवारच्या या बैठकीत नवल असे काही नव्हते. दादर, नायगाव, परळ, लालबाग या भागांत कॅरम घरोघर रुजला, याला येथील वस्तीची घडणही कारण झाली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहराच्या उत्तरेस आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहती वसवण्याचे काम हाती घेतले. दादर-माटुंग्याच्या योजना त्यांतल्याच. पुढे १९२५ मध्ये शिवाजी पार्कचे मैदान लोकांसाठी खुले झाले. मैदान मिळाले, परंतु मुंबईचा पाऊस चार महिने ते आपल्या ताब्यात घेतो. आणि गिरणगावातील चाळींत एका खोलीत सात-आठ माणसे राहत, तेथे खेळायला जागा ती किती उरणार? कॅरमला दोन हात जागा पुरते. एका स्टुलावर बोर्ड ठेवला, वर एक दिवा टांगला, की गॅलरीचे क्रीडांगण होते. धाकटे आणि थोरले, मुलगे आणि मुली, गिरणीतला कामगार आणि कचेरीतला कारकून, सर्वांना त्याभोवती बसता येते.

बोर्ड दिसायला साधा, पण त्याचे हिशेब फार नेटके आहेत. खेळण्याची जागा चौरस असून तिची प्रत्येक बाजू सुमारे ७४ सेंटिमीटर असते. चार कोपऱ्यांत चार भोके. सोंगट्या एकोणीस : नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक तांबडी राणी. सोंगटीचा व्यास तीन सेंटिमीटरांहून किंचित अधिक आणि भोकाचा सुमारे साडेचार. म्हणजे सोंगटी आत जाताना दोन्ही अंगांना मिळून जेमतेम सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी राहते. ज्याने सोंगट्यांना टोला मारायचा, त्या स्ट्रायकरचे वजन फार तर १५ ग्रॅम असावे असा स्पर्धांचा नियम आहे. सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. स्ट्रायकर असा तिप्पट जड असल्यामुळे सोंगटीवर सरळ आदळला तरी तो तेथेच थांबत नाही, तिच्यामागून पुढे सरकतो आणि पुष्कळदा तिच्याबरोबर स्वतःही भोकात पडतो. नवशिका खेळाडू जोर लावतो आणि फसतो तो येथेच. जाणता खेळाडू सोंगटीच्या नेमक्या कडेला हलकासा स्पर्श करून ती वळवतो. सोंगटी कडेआड लपली असेल, तर तो स्ट्रायकर समोरच्या लाकडी चौकटीवर आपटून परत आणतो. चौकटीवर तो ज्या कोनात जातो, जवळपास त्याच कोनात परत फिरतो. हा धडा भूमितीच्या तासाला रुक्ष वाटणाऱ्या मुलांनाही बोर्डापाशी चटकन समजतो.

बोर्डावर बोरिक पावडर भुरभुरतात, ती घर्षण कमी व्हावे म्हणून. पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि बोर्ड ‘जड’ होतो. उन्हाळ्यात जो टोला सोंगटीला भोकापर्यंत नेतो, तोच श्रावणात तिला अर्ध्या वाटेवर सोडतो. म्हणून आजोबा दुपारीच बोर्ड पुसून दिव्याच्या उबेला ठेवीत. एवढे एक काम त्यांनी कोणाला करू दिले नाही.

‘सोंगटी’ हा शब्द कॅरमला सारीपाटाकडून मिळाला. सारीपाटाच्या सोंगट्या कवड्यांच्या किंवा फाशांच्या दानावर चालतात. दान वाईट पडले तर दैवाला बोल लावून मोकळे होता येते. कॅरममध्ये दान नाही. जे घडते ते आपल्याच बोटाने घडते; म्हणून हरलेला माणूस बोर्डाला, पावडरीला, नाही तर दिव्याला दोष देतो.

खेळाचे नियम थोडके आहेत. समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. आपल्या रंगाच्या नऊ सोंगट्या प्रथम घालवणारा पक्ष तो बोर्ड जिंकतो, आणि प्रतिपक्षाच्या जितक्या सोंगट्या उरल्या असतील तितके गुण त्याला मिळतात. राणीचे गुण तीन. पण राणी घेतली की लगोलग आपली एक सोंगटी घालवून तिला ‘कव्हर’ द्यावे लागते, नाही तर ती पुन्हा मध्यभागी येते. एका बोर्डात म्हणून बारापेक्षा अधिक गुण होत नाहीत, आणि पंचवीस गुणांचा गेम जिंकायला निदान तीन बोर्ड तरी लागतात. गुण बाविसावर गेले, की राणीचे तीन गुण मिळेनासे होतात.

याच खेळाच्या पुढे जगभर स्पर्धा होऊ लागल्या. १९८८ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला. त्याच शहराचे मारिया इरुदयम १९९१ साली जगज्जेते झाले आणि पुढे अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. मुंबईच्या प्रशांत मोरे यांनी २०१६ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जगज्जेतेपद मिळवले. अशा स्पर्धांत प्रत्येक बोर्डापाशी पंच बसलेला असतो. हात रेषेपुढे गेला, बोर्डावरच्या सोंगटीला अंग लागले, की तो फाउल देतो. घरच्या डावात पंच नसतो. आजोबा होते खरे, पण सात वाजता चहा झाला की त्यांचे डोळे मिटत.

त्या शनिवारी घरचा मुलगा आणि हिंदू कॉलनीचा मित्र एका बाजूला होते. ताई आणि नायगावचा मित्र दुसऱ्या बाजूला. भज्यांची बशी दोनदा रिकामी झाली, तरी गेम संपेना. दोन्ही पक्षांचे चोवीस-चोवीस गुण झाले. आता जो बोर्ड जिंकेल तोच गेम जिंकणार होता. हिंदू कॉलनीचा मित्र गेले तीन शनिवार हरत आला होता. आज तो एकाग्र होऊन खेळत होता. त्याने राणी घेतली, कव्हर दिले, आणि एकामागून एक काळ्या सोंगट्या घालवीत आणल्या. शेवटी काळी एकच उरली. पांढऱ्या दोन होत्या. पाळी घरच्या मुलाची आली.

सोंगटी उजव्या भोकापासून वीतभर अंतरावर होती. त्याने स्ट्रायकर रेषेवर ठेवला, वाकून नेम धरला आणि टोला मारला. काळी सोंगटी अलगद भोकात पडली. मित्राने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. ताईने हसून पांढऱ्या सोंगट्या गोळा करायला हात पुढे केला.

“थांब, ताई,” मुलगा म्हणाला. “माझ्या सदऱ्याची बाही त्या पांढरीला लागली. ती हलली.”

सर्वांच्या नजरा भोकाकडे होत्या. बाही कोणीच पाहिली नव्हती.

“काहीतरीच! मी समोर बसलोय, मला नाही दिसली ती,” मित्र म्हणाला.

“मला कळली ना!”

घरचा नियम असा होता की, फाउल झाला तर गेलेली सोंगटी परत मध्यभागी यायची आणि दंडाची आणखी एक तिच्याबरोबर. काळ्या दोन झाल्या. पांढरी कोठे होती ते ताईला ठाऊक नव्हते. मुलाने स्वतःच ती नखभर मागे सरकवून जागेवर ठेवली. आता ती भोकाच्या अगदी तोंडाशी आली. मित्राने ते पाहिले आणि मान दुसरीकडे फिरवली. ताईने क्षणभर विचार केला. पण पाळी आलेली असताना मुद्दाम चुकणे हाही खोटाच खेळ झाला असता. तिने दोन टोल्यांत दोन्ही पांढऱ्या घालवल्या. सव्वीस-चोवीस.

आजोबा जागे होते की काय कोण जाणे, त्यांनी डोळे न उघडता फक्त विचारले, “कोण जिंकले?” कोणी उत्तर दिले नाही. हिंदू कॉलनीच्या मित्राने अर्धा चहा तसाच ठेवला, छत्री उचलली आणि “येतो, आजोबा,” एवढेच म्हणून तो जिना उतरून गेला.

आठवडाभर तो मुलाशी शाळेत कामापुरतेच बोलला. भागीदाराला न विचारता भागीदाराचा गेम सोडून दिला, असे त्याचे म्हणणे होते. आणि त्यात काहीच तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. हरले दोघे होते. कबुली एकट्याने दिली होती. मुलानेही क्षमा मागितली नाही, कारण कशाची मागावी हे त्याला उमगत नव्हते.

पुढच्या शनिवारी पाऊस थोडा उघडला. आजोबांनी बोर्ड पुसला, ताईने दिवा लावला, नायगावचा मित्र वेळेवर आला. चौथी जागा रिकामी होती. साडेसहा वाजले, पावणेसात झाले. तिघांतच खेळावे की काय, अशी बोलणी चालली होती, तोच जिन्यावर ओळखीची पावले वाजली. हिंदू कॉलनीचा मित्र आत आला, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि न बोलता मुलासमोरच्या आपल्या जागी बसला. त्याने सोंगट्या नीट मांडल्या, राणी मध्ये ठेवली, चिमूटभर पावडर भुरभुरली. मग समोर पाहिले.

“आधी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर कर,” तो म्हणाला, “आणि मगच स्ट्रायकरला हात लाव.”