टाइमआउट आला, काम चालूच राहिलं

देखभालीसाठी आमच्याकडे आलेली एक पायथन सर्व्हिस ऑर्डर्स गोदामाच्या एपीआयकडे थ्रेडपूलमधून पाठवायची. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, की एक्सेप्शन पकडायचं आणि तीच ऑर्डर पुन्हा पाठवायची. वाचताना यात वावगं काही दिसत नव्हतं. गोदामाची यंत्रणा मंदावली त्या दुपारी एकेका ग्राहकाच्या नावाने दोन-दोन पार्सलं निघाली. लॉगमध्ये क्रम असा होता: टाइमआउट, पुन्हा प्रयत्न, आणि मग पहिल्याच थ्रेडची ओळ, ‘ऑर्डर नोंदवली’.

फ्यूचरच्या ‘रिझल्ट’ला दिलेली मुदत फक्त वाट पाहणाऱ्याची असते, हे मनात पक्कं ठसवून घ्या. ती संपली तरी थ्रेडला त्याचा पत्ताही नसतो. ‘कॅन्सल’ म्हटलं, तरी सुरू झालेल्या कामाच्या बाबतीत उत्तर ‘फॉल्स’च मिळतं. शिवाय पूल ‘विथ’ ब्लॉकमध्ये असेल, तर बाहेर पडताना सगळे थ्रेड संपेपर्यंत थांबावं लागतं. पाच सेकंदांच्या मुदतीला मग काही अर्थच उरत नाही. असिंकआयओचं ‘वेट_फॉर’ टास्क रद्द करतं खरं, पण ते काम ‘टू_थ्रेड’ने थ्रेडवर सोपवलेलं असेल, तर तो थ्रेड मागे चालूच राहतो.

म्हणून मुदत खाली लावा, जिथे काम खरोखर अडतं तिथे: सॉकेटवर, एचटीटीपी कॉलवर, डेटाबेसच्या क्वेरीवर. रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःहून कसलीच मुदत लावत नाही. तुम्ही लावलेली मुदतही पूर्ण कॉलची नसते, जोडणीची आणि दोन वाचनांमधल्या शांततेची असते. आणि ज्या कामाने पैसे किंवा माल हलतो, त्याला एक ठरलेली ओळख-की दिल्याशिवाय आणि समोरची बाजू ती तपासते याची खात्री केल्याशिवाय पुन्हा पाठवू नका. आमची दुबार पार्सलं या कीमुळेच थांबली.

एक्सेप्शनच्या नावाकडेही लक्ष असू द्या. पायथन 3.8 ते 3.10 मध्ये असिंकआयओचा, कन्करंट फ्यूचर्सचा आणि मूळ भाषेतला ‘टाइमआउटएरर’ हे तीन वेगळे क्लास होते. एक पकडलात, तर दुसरा निसटायचा. 3.11 पासून तिन्ही एकच झाले. यात सोय आहे, पण पेचही आहे: थ्रेडच्या आत सॉकेटची मुदत संपली, तरी बाहेर तेच एक्सेप्शन येतं. पकडल्यावर आधी फ्यूचरचं ‘डन’ तपासा. ‘ट्रू’ आलं, तर काम संपलेलं आहे. त्याचंच ‘एक्सेप्शन’ वाचून ते आत फसलं की ऐनवेळी पूर्ण झालं, ते पाहा. ‘फॉल्स’ आलं, तर ते अजून रांगेत आहे किंवा चालू आहे.