नकुशी : एका नावाचा अर्थ
(द्वितीय वर्ष कला)

बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव छापलेले असते. माझ्या गुणपत्रिकेवर ते 'नकुशी' असे आहे. मागे एका दाखल्यासाठी गेले असता खिडकीतल्या गृहस्थांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि विचारले, "छपाईची चूक आहे का?" रांगेतल्या साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी "हो" म्हणून मोकळी झाले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आणि जिने शेतमजुरी करून मला इथवर पाठविले तिचेच नाव मी नाकारले! तेव्हापासून या नावाचा विचार मनातून जात नाही.

शब्दाची फोड अवघड नाही. 'नको' या शब्दाला 'सा–शी' हा प्रत्यय लागून नकोसा, नकोशी ही विशेषणे होतात. जसे हवे पासून हवासा, हवीशी. बोलण्याच्या ओघात 'नकोशी'ची नकुशी किंवा नकुसा झाली. म्हणजे मुळात हे विशेषनाम नव्हेच. घरच्यांच्या मनातली नाराजी तेवढी बाळाला चिकटविलेली आहे. आई ही चार बहिणींतली चौथी. यापुढे मुलगी नको, हा निरोप देवाला पोचावा म्हणून हे नाव ठेवले. तिच्या पाठीवर मामा झाले, तेव्हा 'नाव लागू पडले' असे सगळे म्हणाले.

कोणी म्हणेल, आपल्याकडे ओबडधोबड नावे ठेवण्याची रीतच होती. खरे आहे. खानदेशात उखर्डू, दगडू, भिका अशी नावे गावोगाव सापडतात. मुले जगत नसत तेव्हा तान्ह्या बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणीत, तो उखर्डू. दुसऱ्याच्या पदरातून मागून घेतलेला तो भिका. हे टाकाऊ आहे असे वाटून मृत्यूने त्याकडे पाहू नये, एवढाच हेतू. नाव हलके, पण त्यामागची माया जड!

माझ्या मामांचे नाव भिका आहे. एकाच घरात दोन भावंडांना दोन कुरूप नावे मिळाली. भावाचे नाव सांगते, 'हा आम्हांला हवा आहे'. बहिणीचे सांगते, 'ही नको होती'. म्हणून दोन्हींना एकाच रिवाजात बसविणे मला पटत नाही. चीनमध्येही मुलींना 'झाओदी', म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावून आण', असे नाव ठेवीत. तिथेही मुलीच्या नावात वाट मुलाचीच पाहिलेली आहे.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा नावांच्या २८५ मुली शोधून त्यांना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. हे वाचताना ऐतरेय ब्राह्मणातला शुनःशेप आठवतो. थोरला मुलगा बापाला हवा, धाकटा आईला हवा. मधला शंभर गायींना विकला गेला. पुढे विश्वामित्रांनी त्याला पुत्र मानले आणि 'देवरात' हे नवे नाव दिले. नवे नाव देणे म्हणजे 'तू आमचा आहेस' असे चारचौघांत सांगणेच होय.

पण नाव बदलले म्हणजे 'नको' संपते काय? गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला. तरीही आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१ साली ८८० होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८४२ उरल्या. आईच्या वेळी 'नको' हे जन्मानंतर म्हटले गेले, म्हणून ती निदान नाव घेऊन वाढली. ज्या जन्मलीच नाहीत त्यांना कोणते नाव?

राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येते, असे मी आईला सांगितले. तिने भाकरी थापता थापता विचारले, खर्च किती? मी आकडा सांगितला. ती म्हणाली, तेवढ्यात तुझी पुस्तके येतील.

पुस्तके आली. हा लेखही त्यांच्याच आधाराने लिहिला. आता पुन्हा कोणत्याही खिडकीवर तो प्रश्न आला, तर छपाई बरोबर आहे, असे मी सांगणार आहे.