गोठलेली नदी आणि कॅमेरा

आम्ही बेळगावकर मार्कंडेय नदी श्रावणात दुथडी भरलेली पाहतो आणि वैशाखात रोडावलेली पाहतो. परंतु गोठलेली नदी आम्हांस ठाऊक नाही. लडाखमधील झांस्कर नदी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत अरुंद घळईतून वाहताना गोठते. या बर्फाच्या वाटेस ‘चादर’ म्हणतात. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने ये-जा करीत आले. अशा बर्फाचे छायाचित्र घ्यावयाचे, तर प्रथम तो कसा घडतो हे जाणले पाहिजे.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते. म्हणून शांत तळे पृष्ठभागापासून गोठू लागते. वाहत्या नदीची रीत निराळी. खळखळाटाने सारे पाणी ढवळून निघते, शून्य अंशाच्या किंचित खाली उतरते आणि त्यात बारीक चकत्यांसारखे हिमकण तरंगू लागतात. काही एकमेकांस चिकटून वाहत जातात, तर काही तळच्या दगडांस बिलगतात. काठाशी प्रवाह मंद असल्याने तेथे पातळ पापुद्रा धरतो व तो मध्याकडे सरकत जातो. खडकांवर उडालेल्या तुषारांची झुंबरे होतात. ज्या बर्फात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात, तो पांढरा दिसतो. जाड व नितळ बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून निळसर भासतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. त्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे शुभ्र बर्फ चित्रात मळकट उमटतो. यास्तव मापकाने सांगितल्याच्या दुप्पट ते चौपट प्रकाश द्यावा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बर्फावरील रेघा व उंचवटे उठून दिसतात. थंडीने बॅटरीची शक्ती लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगातील कपड्यांत उबेला ठेवावी. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करावा. नाहीतर भिंगावर दव धरते.

मात्र एक गोष्ट विसरू नये. बर्फावर भुरभुरलेला हिम त्याची जाडी झाकून टाकतो. वाटाडे काठीने ठोकून, आवाज ऐकून पाऊल टाकतात. त्यांचा शब्द मोडून पुढे जाण्याइतके मोलाचे चित्र कोणतेही नाही.

मार्च २०२४ मध्ये निमू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला. रुग्णास वा विद्यार्थ्यास गोठलेल्या नदीवरून चालत न्यावे लागू नये, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याबरोबर त्या वाटेची सवय व बर्फाची पारख विरळ होत जाणार. म्हणून ज्या चित्राखाली दिनांक आणि स्थळ लिहिलेले असते, ते केवळ सुंदर चित्र राहत नाही. तो पुरावा होतो. त्याच जागेवरून वर्षानुवर्षे घेतलेली चित्रे शेजारी ठेवली, की नदीत काय पालटले ते डोळ्यांस दिसते.

एवढ्यासाठी लडाखला जाण्याची गरज नाही. आपल्या नदीच्या पुलावर एक ठरावीक जागा निवडावी आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक चित्र घ्यावे. आम्ही या कामास आरंभ करीत आहो. वाचकहो, आपणही करा.