मिरचीवरील बोकड्या : ओळख व नैसर्गिक उपाय

मिरचीची पाने आखडली, शेंड्याची वाढ खुंटली आणि फुले गळू लागली, की शेतकरी ‘बोकड्या आला’ असे म्हणतो. काही भागांत यास चुरडामुरडा म्हणतात. परंतु या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या व्याधी मोडतात, व एकीवरील उपाय दुसरीस लागू पडेलच असे नाही. नंदुरबारकडील असो वा भिवापूरकडील, मिरची उत्पादकाचा फवारणीवरील खर्च पुष्कळदा वाया जातो तो यामुळेच.

म्हणून प्रथम पान पालथे करून पाहावे. फुलकिडे पान खरवडून रस शोषतात. त्यामुळे पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे दिसते. कोळी या किडीमुळे कडा खाली वळतात, पान उपड्या होडीसारखे होते व देठ लांबतो. तिसरी व्याधी विषाणूजन्य असून ती पांढऱ्या माशीमुळे पसरते. अशा झाडाची पाने बारीक व सुरकुतलेली, पेरी आखूड आणि झाड झुडपासारखे खुजे राहते. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यास पिवळसर, सुमारे एक मिलिमीटर लांबीचे फुलकिडे पळताना दिसतात. कोळी मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्याने दहापट मोठे दाखविणारे भिंग खिशात बाळगावे. एकाच झाडावर दोन कारणे एकत्र असणेही संभवते. कोळी तर पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून दुसऱ्या झाडावर जातो.

विषाणू झाडात शिरल्यावर कोणत्याही औषधाने तो बरा होत नाही. तेव्हा खरा बंदोबस्त रोपवाटिकेतच केला पाहिजे. गादीवाफे जुन्या मिरचीच्या वा टोमॅटोच्या शेतापासून दूर करावेत व उगवणीपासून बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीने झाकावेत. जाळीचा खर्च थोडा वाटत नाही; पण रोगट रोपे लावून गेलेला हंगाम त्याहून महाग पडतो. लागवडीपूर्वी शेताभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात. लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात विषाणूची लक्षणे दिसणारे झाड उपटून नष्ट करावे. युरियाचा अतिरेक टाळावा. कोवळी, लुसलुशीत पालवी रसशोषक किडींना विशेष मानवते.

फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क उपयुक्त आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बांधावरील कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तो तसाच कुजतो आणि शेतकरी दुकानातून औषध विकत आणतो, ही खेदाची गोष्ट होय. निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवाव्यात. त्यांची 5 किलो भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी व सकाळी फडक्यातून गाळावी. त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण 100 लिटर द्रावण करावे. हा 5 टक्के अर्क त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असा फवारावा. फुलकिड्यांची अंडी पानाच्या पेशींत असल्याने एका फवारणीने काम भागत नाही. 8 ते 10 दिवसांनी ती पुन्हा करावी.

कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक 10 लिटर पाण्यात 20 ते 30 ग्रॅम घेऊन फवारावे; कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात. उबदार, दमट हवेत कोळ्याची एक पिढी आठवड्याच्या आत पुरी होते, म्हणून विलंब नको. येथे एक चूक वारंवार घडते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके वरचेवर मारली असता ढालकिडे, क्रायसोपा व भक्षक कोळी हे मित्रजीव मरतात आणि पिकावरील कोळी पूर्वीपेक्षा अधिक वाढतो.

2021 साली तेलंगण व आंध्र प्रदेशात मिरचीवर गडद रंगाच्या नव्या फुलकिड्यांचा मोठा उपद्रव झाला. ते मुख्यतः फुलांत दडतात. यास्तव केवळ शेंडे न तपासता दर आठवड्यास काही फुलेही कागदावर झटकावीत, शेतात निळे चिकट सापळे लावावेत, आणि असे किडे आढळल्यास फुलांसह नमुना तालुका कृषि कार्यालयाकडे पाठवावा.