रोल कोणता, हे आधी ठरव

चि. सायली,


तू पाठवलेले हळदीचे फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. चौकटी छान साधल्या आहेस. पण सगळ्यांवर जुन्या फिल्मसारखे रंग आणणारा एकच तयार प्रीसेट चालवलास, ते मला खटकलं. नवरीचा हिरवा चुडा शेवाळी पडलाय, कुंकू विटकरी दिसतंय आणि हळदच मातकट झालीय. हळदीच्या फोटोत हळदच गेली तर उरलं काय?

हे घडलं त्याचं कारण समजून घे. बऱ्याच प्रीसेटमध्ये हिरवा ऑलिव्हकडे आणि लाल नारिंगीकडे ढकललेला असतो, शिवाय त्वचा उजळावी म्हणून नारिंगीचा उजळपणा वाढवलेला असतो. गोऱ्या कातडीवर ते खपून जातं, आपल्या सावळ्या चेहऱ्यांवर राख फासल्यासारखं दिसतं. हा पक्षपात जुनाच आहे. अमेरिकेतल्या लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' वापरत, आणि त्यावर कित्येक वर्षं गोरी बाईच असे. तेव्हा नारिंगीची पट्टी तू स्वतः खाली आण, लाल आणि हिरवा जागेवर आण. प्रीसेट कुणी का बनवलेला असेना, कुंकवाचा रंग तुला ठाऊक आहे.

दुसरं, 'फिल्म लुक' असा एकच लुक कधी नव्हता. आम्ही रोल घेताना काम बघून घेत असू. 1990 साली आलेली फुजीची वेल्व्हिया डोंगर, पाणी, झाडी यांच्यासाठी. तिचे रंग इतके भडक की माणसांचे चेहरे लालबुंद व्हायचे. कोडॅकची पोर्ट्रा 1998ची, ती मात्र चेहऱ्यांसाठीच घडवलेली. ट्राय-एक्स ही कृष्णधवल, बातमीदारांची लाडकी. 1935 ते 2009 चाललेल्या कोडाक्रोमची गंमत बघायची तर छायाचित्रकार रघुबीर सिंग यांची पुस्तकं मिळव. आपल्याकडच्या रस्त्यांचा लाल-पिवळा त्यात कसा भरदार उतरलाय ते पानापानावर थांबून बघ. म्हणून लग्नाला निघताना मनात एक रोल ठरव आणि दिवसभर त्यालाच धरून राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोर्ट्रासारखी निगेटिव्ह एखादा स्टॉप ओव्हर झाली तरी हायलाइट सांभाळून घ्यायची, उलट अंडर झाली की सावल्या मळकट व्हायच्या. डिजिटलचं बरोबर उलटं आहे. सावलीतलं पुष्कळ परत मिळतं, पण जळालेला पांढरा गेला तो गेलाच. तुझ्या भटजींचं उपरणं पाहा: सुताची वीण, घडी, काही दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका. त्यावर जगातला कुठलाही प्रीसेट फिल्मचा मऊपणा आणू शकत नाही. उन्हात उपरण्याचा पांढरा जपून एक्स्पोजर घे आणि सावल्या नंतर उचल. रॉमध्येच काढ. मग व्हाइट बॅलन्स. डेलाइट रोल साधारण 5500 केल्विनच्या उजेडासाठी बनायचे. मंडपातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो तसाच प्रीसेटखाली सरकवलास तर रंग हमखास बिघडणार. आधी उजेड सरळ कर, प्रीसेट त्यानंतर लाव, आणि लावलास की त्याचा जोर निम्म्यावर आण.

ग्रेन सगळ्यात शेवटी, तोही बेताने.

काळा रंग धुरकट करायची फॅशन मात्र मला मुळीच पटत नाही. चांगल्या लॅबमधून आलेल्या ताज्या ग्लॉसी प्रिंटमध्ये काळा खोल आणि दाट असे. तो फिकटपणा वर्षानुवर्षं अल्बममध्ये पडून विटलेल्या प्रिंटचा, नाहीतर वाईट स्कॅनचा, फिल्मचा नव्हे. गेल्या महिन्यात लागलेल्या लग्नाला तो कशाला? कर्व्हचं खालचं टोक वर उचललेलं असेल ते खाली बसव, केसांतला काळा परत येईल.

एक सवय लावून घे. आवडलेला प्रीसेट उघडून त्याचा कर्व्ह आणि प्रत्येक रंगाची पट्टी वाच, आणि तेच कोऱ्या फाइलवर हाताने करून बघ. चार-पाच प्रीसेट असे उकललेस की तुझा स्वतःचा बनवता येईल, आपल्या माणसांच्या रंगाला बेतलेला.

अल्बम छापायला देण्याआधी दोन-तीन फोटोंच्या प्रिंट काढ आणि खिडकीशी, दिवसाउजेडी बघ. त्यातली एक मला पोस्टाने पाठव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा